अंतराळात राहिलं की वय कमी वाढतं म्हणतात, खरं काय ओ?

निपाणीची पोरगी:
सुनीता विल्यम्स 2025 च्या मार्चमध्ये परत आल्या तेव्हापासून आमच्या घरात वाद चाललाय. भाऊ म्हणतो वर वेळ हळू चालतो, 286 दिवस राहून त्या आपल्यापेक्षा तरुण राहिल्या. आजी म्हणते, कुठली तरुण, टीव्हीवर बघितलीस न्हवं, वाळून काटकी झालीय की बाई. कोण बरोबर सांगा की.

टिळकवाडीचा मास्तर:
भावाला विचार, तरुण म्हणजे किती? त्या राहिल्या ते अंतराळ स्टेशन सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतं, बेळगावहून पुण्याला मिनिटसुद्धा लागायचं नाही. एवढ्या स्पीडला घड्याळ हळू पडतं हे खरं, पण 286 दिवसांत फरक साधारण 7 मिलीसेकंद. पापणी लवायला याच्या दहापटीपेक्षा जास्त लागतात. प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगानं गेलं तर यानात 1 वर्ष आणि इथं 10, पण तसलं यान हाय कुणाकडं?

चोर्ला घाटवाला:
मास्तर, अर्धंच सांगितलासा. उंच गेलं की गुरुत्वाकर्षण कमी, मग घड्याळ उलटं फास्ट होतंय. स्टेशन 400 किलोमीटरवरच आहे म्हणून तिथं स्पीड जिंकतो. जीपीएसचे सॅटेलाईट 20 हजार किलोमीटरवर, त्यांचं घड्याळ स्पीडमुळं रोज 7 मायक्रोसेकंद (सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागं आणि उंचीमुळं 45 पुढं, म्हणजे 38 पुढंच. तेवढ्यात उजेड 11 किलोमीटर जातो, म्हणून हिशोब आधीच धरून ठेवतात, नाहीतर मी गाडी घेऊन जांबोटीत उभा आणि मॅप दाखवणार भलतीकडं. (रेंज नसते ते वेगळं)

शहापूरची फिजिओ:
आजीचं कुणी बोललंच नाही! वर पायांवर वजनच पडत नाही, त्यामुळं खुब्याची वगैरे हाडं महिन्याला 1 ते दीड टक्का झिजतात, इथं म्हातारपणी साधारण एवढं वर्षाला जातंय. म्हणून तिथं रोज दोनेक तास व्यायाम करायला लावतात. नासाचा अंतराळवीर स्कॉट केली 2015-16 ला 340 दिवस वर होता आणि त्याचा जुळा भाऊ मार्क खाली, दोघांना तपासलं. डीएनएच्या टोकाला टेलोमिअर असतात ते वयाबरोबर आखूड होतात, स्कॉटचे वर असताना चक्क लांब झाले! तुझा भाऊ खूश होईल, पण खाली उतरल्यावर लगेच परत आखूड झाले. भाऊ घड्याळाचं बोलालाय, आजी शरीराचं.

निपाणीची पोरगी:
आजीला 7 मिलीसेकंदाचं वाचून दाखवलं, म्हणाली एवढ्यासाठी तिकडं कशाला जायचं, माझे गुडघे इथंच झिजले की. भाऊ गप. घाटवाले काका, स्पीडनं वेळ हळू पडतो तर आमच्याकडचे वडाप जीपवाले म्हातारे कधी होतात ओ?