बी विंग पार्किंगमधला ओंडका आणि फोटोतला तो कोळी

कुलकर्णी काका बी-३०२: गुड मॉर्निंग. काल रात्री पिकनिकचे फोटो बघितले. खिडकीच्या काचेवर जो केसाळ कोळी बसलाय तो टॅरॅन्टुला आहे असं आमचा नातू सांगतोय. आणि त्याच ठिकाणाहून देसाईंनी एक पोकळ ओंडका आणून बी विंगच्या पार्किंगमध्ये ठेवलाय. तिथे मुलं खेळतात. ओंडका ताबडतोब हलवावा ही नम्र विनंती.

देसाई ए-१०४: काका नमस्कार. ओंडका जंगलातला नाही, होमस्टेवाल्यांचा जुना फणस पावसात पडला त्याचा तुकडा आहे, त्यांना विचारून आणलाय. ऑर्किड लावायचीयेत. कोळी समोरच्या खोलीच्या खिडकीवर होता आणि ओंडका मागच्या अंगणात, दोन्हीचा काय संबंध?

शिंदे वहिनी बी-२०१: मला तर फोटो बघूनच काटा आला अंगावर 😱 एवढा मोठा??

मोहिते ए-३०१: ताटलीएवढा होता वहिनी, खोटं नाही सांगत. जेवण झाल्यावर पोरांना दिसला, मग कोण झोपतंय

पाटील सी-१०२: टॅरॅन्टुला फक्त ॲमेझॉनच्या जंगलात असतात. हा आपला भिंतीवरचा मोठा कोळी. आमच्या गावी मोरीत कायम असायचे. उगाच पॅनिक करू नका.

चव्हाण सी-४०१: पिकनिक कधी ठरली? सी विंगला मेसेज आलाच नाही.

मोहिते ए-३०१: मेसेज याच ग्रुपवर होता सर, वर स्क्रोल करा

चव्हाण सी-४०१: केलं. नाहीये.

सायली जोशी सी-५०३: पाटील काका, मोरीतला तो हंट्समन. तो चपटा असतो आणि पाय खेकड्यासारखे बाजूला पसरतो, मादी असेल तर छातीखाली अंड्यांची पांढरी चकती धरून फिरते. या फोटोत अंग जाड आहे, पाय जाड आणि टोकापर्यंत केसाळ, आणि मागे दोन लांब अवयव बाहेर आलेले दिसतायत ज्यातून जाळ्याचा धागा निघतो. हा टॅरॅन्टुलाच. आपल्या सह्याद्रीत बऱ्याच जाती आहेत, पोकॉक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८९९ मध्येच त्यातल्या कितीतरी जातींना शास्त्रीय नावं दिली. बऱ्याचशा जमिनीत, घाटरस्त्याच्या कडेच्या दरडीत बीळ करून राहतात. मोहिते काका, फोटो खोलीच्या आतून काढलाय ना? म्हणजे पोटाची बाजू दिसत असेल. अजून आहेत का?

कुलकर्णी काका बी-३०२: म्हणजे टॅरॅन्टुलाच. ओंडका हलवा.

मोहिते ए-३०१: हो काचेतून काढलाय. हे घे, दोन पाठवतो. कोळी काचेच्या बाहेरून होता म्हणून तर हिंमत झाली

नाईक काकू ए-२०२: शिंदे वहिनींच्या आर्याला वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा 🎂🎂

शिंदे वहिनी बी-२०१: थँक्यू काकू 🙏 संध्याकाळी केक आहे सगळ्यांनी या, फक्त पार्किंगमधून येऊ नका 😂

सायली जोशी सी-५०३: दुसरा फोटो एकदम मस्त आलाय. पुढच्या चार पायांची आतली बाजू बघा, हळदीसारखा पिवळा रंग आणि मध्ये काळे पट्टे. हा पोएसिलोथेरिया, झाडावर राहणारा टॅरॅन्टुला. बिळात राहणारे असे रंगीत नसतात. धोका वाटला की हे पुढचे पाय वर करतात तेव्हा तो पिवळा दिसतो, एरवी वरून राखाडी-पांढरी नक्षी, सालीवर बसला तर हातभर अंतरावर असून दिसणार नाही. आणि पोटाखाली आडवा फिकट पट्टा दिसतोय, त्यावरून ही रेगॅलिस जात वाटतेय. नुसता पाठीचा फोटो असता तर मी एवढं सांगितलं नसतं, यांच्या जाती वरून सारख्याच दिसतात.

पाटील सी-१०२: विषारी आहे का ते सांग. नाव घेऊन काय करायचंय.

सायली जोशी सी-५०३: चावला तर खूप दुखतं काका, सूज येते, काही जणांना स्नायूंमध्ये कळा येतात आणि त्या काही दिवस टिकतात. डॉक्टरांकडे जायचंच. सापाचं इंजेक्शन याच्यावर चालत नाही, ते मागत बसू नका. पण तो स्वतःहून अंगावर येत नाही, पळून जातो, आणि पळतो फार जोरात. अमेरिकेतल्या काही जाती खाजरे केस उडवतात ते आपल्याकडच्यांना नसतात.

कुलकर्णी काका बी-३०२: झाडावर राहतो म्हणजे झाडाच्या पोकळीत ना? मग मी सकाळपासून काय सांगतोय? ओंडका पोकळ आहे.

देसाई ए-१०४: काका तुम्हाला ओंडक्याचा राग नाहीये, मी तिथे स्कूटर लावतो त्याचा राग आहे. स्पष्ट बोला.

कुलकर्णी काका बी-३०२: स्कूटरचा विषय मी काढलेला नाही. तो कमिटीपुढे आहे.

सेक्रेटरी राणे बी-१०१: कृपया वैयक्तिक पातळीवर जाऊ नये. पेस्ट कंट्रोलवाल्याला दुपारी बोलावतो, ओंडक्यावर आणि पार्किंगमध्ये फवारून घेऊ.

शिंदे वहिनी बी-२०१: खर्च कोण देणार? मागच्या वेळी मीटर रूममध्ये धामण निघाली तेव्हा पण सगळ्यांकडून काढले होते

सायली जोशी सी-५०३: राणे काका फवारणी नको प्लीज. कुलकर्णी आजोबांची शंका बरोबर आहे, हे कोळी जुन्या झाडांच्या ढोलीतच राहतात, कधी कधी आई आणि पिल्लं एकाच ढोलीत असतात. लाकडाबरोबर प्रवास पण होतो. आंध्रातला निळा पोएसिलोथेरिया १८९९ मध्ये गुत्ती स्टेशनच्या लाकडांच्या डेपोत सापडला, बहुतेक रेल्वेने लाकडातून आला असावा. मग जवळपास शंभर वर्षं कुणाला दिसलाच नाही आणि परत मिळाला तो नंद्याल-गिद्दलूरच्या जंगलात, गुत्तीपासून लांब. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आत खरंच कोळी असला तर मारायचा नाही, डब्यात घेऊन वनखात्याला कळवायचं. मी खाली जाऊन टॉर्चने बघते. कुणी हात किंवा काडी घालू नका.

जोशी काकू सी-५०३: सायली एकटी जाऊ नकोस, बाबांना घेऊन जा!!

चव्हाण सी-४०१: माझा भाचा असले कोळी पाळतो, त्याला दाखवला, वेडा झालाय. होमस्टेचं नाव आणि लोकेशन टाका, तो शनिवारी जाऊन येईल.

मोहिते ए-३०१: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

सायली जोशी सी-५०३: मोहिते काका थँक्यू. चव्हाण काका, जागा कुणालाच देऊ नका, मनापासून सांगते. या कोळ्यांना परदेशात पाळायला मागणी आहे, जंगलातून पकडून नेतात. २०१९ मध्ये पोएसिलोथेरियाचा अख्खा गट साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेला, परवान्याशिवाय देशाबाहेर व्यापार करता येत नाही. आणि एखादी ढोली कळली की लोक साल सोलून आतलं सगळं काढतात, मग ती ढोली परत उपयोगाची राहत नाही. तुमच्या भाच्याने जंगलात जाऊन फोटो काढले तर आनंद आहे, पण आणायचा नाही.

चव्हाण सी-४०१: तो चोर नाहीये. जरा जपून बोल बेटा.

सायली जोशी सी-५०३: त्याला चोर म्हणत नाहीये काका. पण ग्रुपवर टाकलेलं दहा ठिकाणी फॉरवर्ड होतं. फेसबुकवर ज्यांनी फोटो टाकलाय त्यांनी पण चेक-इन काढा प्लीज. जिल्हा लिहा, बास.

कुलकर्णी काका बी-३०२: ओंडका??

सायली जोशी सी-५०३: बघितला आजोबा. बाबांनी टॉर्च धरला. पोकळी आरपार आहे, तोंडाशी जाळ्याचं अस्तर नाही. आत मुंगळे आणि एक पाल. कोळी नाही, कात टाकलेली पण दिसली नाही.

शिंदे वहिनी बी-२०१: पाल पण नको बाई 😭

देसाई ए-१०४: झालं समाधान? ओंडका मी संध्याकाळी गच्चीत नेतो, कुणाला सांगायची गरज नव्हती.

सेक्रेटरी राणे बी-१०१: गच्चीत काही ठेवायचं असेल तर कमिटीची लेखी परवानगी लागते. पेस्ट कंट्रोल कॅन्सल करतोय.

मोहिते ए-३०१: फेसबुकवरचं लोकेशन काढलं. सायली, तुला ओरिजिनल फोटो मेल करतो, त्यात तारीख वेळ सगळं आहे

सायली जोशी सी-५०३: हो पाठवा काका. जागा झाकून नोंद टाकते, पोटाचा फोटो पहिला लावते.