विश्वास तोंडाने बोलायचा म्हणजे नेमके काय करायचे?

वानवडीकर:
सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम. माझी आई, वय 68, काही महिन्यांपासून आमच्या भागातील एका गृहसभेला जाते. तिथे तिला असे शिकवण्यात आले की जे तोंडाने बोलाल तेच पदरी पडेल, म्हणून "मला मधुमेह आहे" असे कधी म्हणायचे नाही, "मी बरी झाले आहे" एवढेच म्हणत राहायचे. आधाराला बायबलमधील मार्क 11:23 (मनात शंका न धरता डोंगराला "ऊठ" म्हणाल तर तसे होईल, हे वचन) आणि रोमकरांस पत्र 10:9 ही वचने देतात. आईने हे इतके मनावर घेतले की अकरा दिवस तिने गोळ्या घेतल्या नाहीत. रोज सकाळी ती डबीतल्या त्या त्या वाराच्या कप्प्यातून गोळी काढायची आणि रुमालात बांधून कपाटात ठेवायची, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आले नाही. साखर 340 निघाली तेव्हा तो रुमाल सापडला. मला तिच्या विश्वासाला धक्का लावायचा नाही. उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सगळे मिळून म्हणतात तो पाठ, म्हणताना तिच्याइतका ठाम आवाज आमच्या बाकावर दुसऱ्या कुणाचा नसतो. पण तोंडाने कबूल करण्याला शास्त्रात एवढे महत्त्व आहे, तर त्याचा खरा अर्थ काय, आणि तो तिला कसा समजावून सांगावा?

खडकीचा शिक्षक:
ताई, रविवारच्या शाळेत मी अनेक वर्षे रोमकरांस पत्र शिकवले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. दहाव्या अध्यायात तोंडाने कबूल करायचे आहे ते "येशू प्रभू आहे" हे, आणि अंतःकरणात धरायचे आहे ते देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले हे. आपल्या प्रकृतीविषयी तिथे एक शब्दही नाही. त्याच्या आधीच्याच वचनात पत्राचा लेखक पौल जुन्या करारातील अनुवाद नावाच्या पुस्तकातले 30:14 उद्धृत करतो: वचन तुझ्याजवळ आहे, तुझ्या मुखी आणि तुझ्या मनी आहे. त्या मूळ पुस्तकात हे वाक्य पुढे जाते आणि सांगते की ते तू पाळावेस म्हणून तसे आहे. मुखातले वचन हातापायांत उतरावे यासाठीच मुखात दिलेले आहे, आणि माझ्या मते आईंना समजावण्याची सगळी किल्ली या एका वाक्यात आहे. मार्क 11:23 वाचून दाखवणाऱ्यांना पंचविसावे वचनही वाचायला सांगा. डोंगराला "ऊठ" म्हणण्याच्या पाठोपाठ प्रभू प्रार्थनेला उभे राहताना इतरांना क्षमा करण्याविषयी बोलतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर केडगावचे घ्या. पंडिता रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे आत्मिक जागरण झाले, मुली मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. परंतु त्याच रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणल्या होत्या, आणि पुढे बायबलचे मराठी भाषांतर हाती घेऊन 1922 साली मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. ते छापण्यासाठी खिळे जुळवायला तिथल्याच मुली शिकल्या.

वॉर्डातली ताई:
मी परिचारिका आहे. आमच्याकडे एक आजोबा होते. नातेवाईक खाटेभोवती उभे राहून मोठ्याने "तुम्ही बरे झाला आहात" असे म्हणत, आणि आजोबा मान हलवत. सगळे गेले की ते माझी बाही धरून हळूच विचारत, "दुखतंय म्हटलं तर चालेल का?" तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. आईंना स्तोत्र 116 वाचायला द्या. "मी विश्वास धरला म्हणून बोललो" हे पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात घेतलेले वचन तिथले आहे, आणि स्तोत्रकर्ता विश्वासाने जे बोलतो ते "मी फार पीडित आहे" हे! दुखणे देवापुढे आणि माणसांपुढे मांडणे हेही विश्वासाचेच बोलणे आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देणारा पौल अविश्वासी नव्हता. आणि कृपया, पायांना मुंग्या येतात का, जखम झाली आहे का, हे त्यांना नक्की विचारा.

घोरपडी गाव:
वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरीही उच्चारलेल्या शब्दाला कुणी कमी लेखू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी नऊ वर्षे दारू प्यायलो. मनातल्या मनात हजार वेळा सोडली होती. ज्या रविवारी मंडळीसमोर उभा राहून "प्रभूने मला सोडवले आहे" अशी साक्ष दिली, त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या एकट्याची उरली नाही. संध्याकाळी पाचला कुणाचा तरी फोन येऊ लागला. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची 1,400 रुपयांची उधारी चुकती केली, कारण तसे न करता ती साक्ष पुन्हा उच्चारण्याचे धैर्य मला झाले नसते. लूकच्या शुभवर्तमानातील एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय असाच उभा राहून बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो, असे तो म्हणाला, आणि त्यावर प्रभूने "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे" असे म्हटले. याउलट याकोबाच्या पत्रात उघड्यानागड्या, उपाशी भावाला "ऊब घे, तृप्त हो" असे नुसते म्हणून निरोप देणारा माणूस आहे. तोही चांगलेच शब्द उच्चारतो, पण घोंगडी देत नाही.

वानवडीकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला स्तोत्र 116 मोठ्याने वाचायला सांगितले. दहाव्या वचनापाशी ती थांबली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "दोन महिने झाले, तळपायाला मुंग्या येतात." शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आणि गोळी आता ती माझ्यासमोर आभार मानून घेते. त्या गृहसभेतल्या आणखी दोन बायकांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, हेही तिनेच सांगितले. त्यांना रविवारी उपासनेनंतर घरी चहाला बोलावले आहे. त्यांच्याशी आपण स्वतः बोलणार, मी मध्ये पडू नये, असे तिने मला बजावले आहे.