मदत हवी आहे: रक्तपात नसलेल्या मराठी रहस्यकथा सुचवा

नमस्कार मंडळी. आईला पुन्हा रहस्यकथांची ओढ लागली आहे. तरुणपणी गिरगावातल्या वाचनालयातून आणून तिने बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड अधाशासारखे वाचले. ते आवडतातच, पण आता तिला पाठलाग, पिस्तुलं नकोत. ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलसारखं काही हवं: छोटं गाव, ओळखीची माणसं, चहाच्या गप्पांतून उलगडणारा गुन्हा. मार्पलबाईंची पहिली कादंबरी १९३० ची, तरी आजही किती ताजी वाटते! असं मूळ मराठीत कोणी लिहिलंय का? अनुवाद चालेल, पण भाषा ओघवती हवी. ओढूनताणून केलेला अनुवाद ती चार पानांत बाजूला ठेवते. शक्यतो टाइप मोठा असावा. दादर किंवा ठाण्यात जुन्या प्रती कुठे मिळतात तेही कृपया सांगा.