मदत हवी आहे: सेकंडहँड कॉफी ग्राइंडरचं दळण एकसारखं येत नाहीये

नमस्कार मंडळी, सोलापुरात सात रस्त्याजवळ छोटं कॉफीचं दुकान टाकलंय, मागच्या महिन्यात बंद पडलेल्या एका कॅफेचा ६४ एमएम फ्लॅट बरचा (बर म्हणजे बिया दळणाऱ्या दातेरी चकत्या) ग्राइंडर उचलला, विकणारा म्हणाला बर नवीनच आहेत, आता वाटतंय गंडलो. एकाच सेटिंगवर अर्धी पावडर मैद्यासारखी आणि त्यातच रव्याएवढे कण, एस्प्रेसोचा शॉट एकदा १५ सेकंदात पळतो तर पुढचा ४० सेकंद थेंब थेंब, चव आंबट नि कडू दोन्ही एकदम.

प्लग काढून उघडला तर आतल्या थ्रेडमध्ये (आट्यांमध्ये) जुनी तेलकट पावडर दगडासारखी बसलेली, ती खरवडली. बरच्या दातांना धार अशी लागतच नाही, गुळगुळीत. मग बरच्या कडेला मार्कर फासला आणि हाताने फिरवत दोन्ही बर जेमतेम घासतील इतके जवळ आणले, तर शाई एकाच बाजूची गेली, दुसरी बाजू तशीच काळी. म्हणजे तिरके बसलेत ना?

आता आधी बरखाली फॉइलच्या पट्ट्या घालून लेव्हल करू की डायरेक्ट नवे बरच मागवू? शाफ्टपण किंचित हलतोय, बेअरिंग गेलं असेल तर नवे बर टाकून पैसे पाण्यात. जातं असतं तर टाकी लावून आणलं असतं, याचं काय करतात? एमआयडीसीत असली कामं करणारं कोणी माहितीय का? बायको म्हणते मिक्सर बरा होता, लवकर सांगा राव.