१९८५ ची मारुती ८००: पुढचे दोन्ही शॉकअप जाम, कापायचे की वाचवायचे?

खानापूरकर_८५

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची. ८६ साली मारुतीनं रूप बदललं, त्याआधीची, मागं कमानपाटे असलेली. दहा हजार भरून बाबांनी नंबर लावला होता आणि ती घरी आली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली होती, असं आई सांगते. गेली नऊ वर्षं ती परड्यातल्या शेडमध्ये उभी होती, शेजारी भाताचं पिंजर रचलेलं. आमच्या खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कौलं कुठं गळतात हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

इंजिनानं त्रास दिला नाही. प्लग काढून ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं, हातानं फिरवलं, टाकी धुतली, आणि तीन सिलिंडरचा तो ओळखीचा आवाज आला. ब्रेक नवे केले. अडलंय ते पुढच्या शॉकअपवर. मी आणि भाऊ दोघांनी बॉनेटवर भार टाकला तरी नाक खाली जात नाही, नुसते टायर दबतात. गल्लीतल्या गतिरोधकावर धक्का थेट स्टेअरिंगमध्ये येतो.

चाक काढून बघितलं. वरचं रबर फाटलेलं, रॉड तांबूस, त्यावर बारीक खड्डे. खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, धरणारे दोन बोल्ट जागचे हलत नाहीत. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं, "गॅसनं कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम." गाडी तशीच परत आणली. हे कंपनीतून आलेले मूळचे शॉकअप आहेत आणि बाबांचं वय आता ऐंशी. जमलं तर हेच वाचवायचे आहेत. बोल्ट कसे सोडवू? रॉड दुरुस्त होतो का? आणि स्प्रिंग घरी काढण्यासारखी आहे का?

निपाणी_पद्मिनी

माझ्याकडं पद्मिनी आहे, पण तिचा अनुभव तुम्हाला लावता येणार नाही. तिला पुढं वर-खाली दोन आर्म, त्यामुळं शॉकअप काढला तरी चाक जागेवर राहतं. तुमच्या गाडीत शॉकअपच चाकाला उभं धरतो, स्टेअरिंग वळवलं की तोच वळतो. म्हणून घाई करू नका. बोल्टना आधी तारेचा ब्रश मारा, मग सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल. ते नसेल तर डिझेल आणि रॉकेल. तीन-चार दिवस द्या. पहिल्या दिवशी जोर लावलात तर बोल्ट तुटेल.

उद्यमबाग_मेस्त्री

गाडी परत आणलीत ते फार चांगलं केलंत. मी तीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शॉकअपच्या नळीला गॅस लावू द्यायचा नाही, कुणी कितीही सांगू दे. आत तेल कोंडलेलं असतं. तापलं की त्याला जायला वाट नसते आणि नळी फुटते. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप आणि एक्सलचं रबरी बूट असतं, तेही जळतं. नट अगदीच ऐकला नाही तर छिन्नीनं नट फोडा. नट दहा रुपयांचा असतो.

बोल्टचं डोकं एका पान्यानं धरून नट फिरवायचा, डोकं फिरवायचं नाही. नट सैल झाला की पुरता काढू नका, आट्यांच्या टोकाशी ठेवा आणि त्यावर पितळी ठोकणी ठेवून हातोडा मारा, म्हणजे आटे खराब होत नाहीत. त्याआधी बोल्ट कसा बसलाय त्याची खूण खडूनं करून ठेवा. ब्रेकचा पाइप शॉकअपवरच्या पकडीतून आधीच सोडवा. नकल मोकळं झालं की ते तारेनं बांधायचं, पाइपवर लोंबकळू द्यायचं नाही. नाहीतर एक्सलचा सांधा आतून निसटतो आणि एका कामाची दोन कामं होतात. वरचे नट, बॉनेटखालचे, सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा खालून कुणीतरी शॉकअप धरलेला हवा. गाडी जॅकवर नाही, घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर.

आता स्प्रिंग. मधला मोठा नट कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, लावल्याशिवाय सोडायचा नाही. माझ्या शेजारच्या गॅरेजमधल्या एका पोरानं काथ्याची दोरी बांधून तो सोडला होता. वरची वाटी उडाली आणि त्याच्या जबड्याला लागली. तो आजही एका बाजूनं जेवतो. कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावा, दोन्हीकडं थोडं थोडं आवळत जा, स्प्रिंग वाटीतून मोकळी हलली की मगच नट. भाड्यानं मिळत नसेल तर माझा घेऊन जा.

वरचं बेअरिंगही बघा. स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग टक्कन उडी मारत असेल किंवा स्टेअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर तेही जाम आहे.

वाचतील का, ते बाहेर काढल्यावरच कळेल. नळीच्या तोंडाला आट्यांचा नट असेल तर शॉकअप उघडतो. कडा वळवून बंद केलेला असेल तर त्याचा नाद सोडा.

वडगाव_हायड्रॉलिक

मेस्त्रीअण्णांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त रॉडचं सांगतो, कारण आमचा धंदाच सिलिंडरच्या रॉडचा. रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो खड्डा सीलची कड कापणारच, कितीही पॉलिश करा. जुनं क्रोम ग्राइंड करून काढायचं, नव्यानं हार्ड क्रोम चढवायचं आणि परत मूळ मापाला ग्राइंड करायचं. आपल्या बेळगावात हे काम नीट होतं. पण आतली नळी गंजली असेल तर रॉड कितीही चकचकीत केला तरी उपयोग नाही, पिस्टन तिथंच घासणार. आधी नळी बघा, मग रॉडवर पैसे घाला. तेल भरताना इंजिन ऑइल नको, शॉकअपचं पातळ तेल, आणि जितकं निघालं असायला हवं तितकंच मापून.

उद्यमबाग_मेस्त्री

बरोबर. आणि नवे घ्यायची वेळ आली तर जोडीनंच घ्या. दुकानदार म्हणेल, "आठशेचा तो आठशेचा, सगळे एकच." जुना नमुना काउंटरवर शेजारी उभा करा, लांबी, रॉडची जाडी, खालच्या दोन भोकांमधलं अंतर, स्प्रिंगची वाटी, सगळं लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खानापूरकर_८५

सोळा दिवसांनी लिहितोय, माफ करा. पाच दिवस तेल सोडलं. उजवीकडचे दोन्ही बोल्ट आले. डावीकडचा वरचा आला नाही, त्याचा नट छिन्नीनं फोडला. कॉम्प्रेसर मेस्त्रीअण्णांचाच आणला, आणि स्प्रिंग काढताना ते स्वतः येऊन उभे राहिले, हे इथं लिहायलाच हवं.

नळीच्या तोंडाला नट होता. व्हाइसमध्ये धरून उघडला तेव्हा मला फार आशा होती. आतून तेलाऐवजी चहासारखं पाणी आलं. बॅटरी आत धरून बघितलं तर रॉड जिथं नऊ वर्षं थांबला होता तिथं नळीला गंजाचं कडं. दोन्हीकडं तेच. अण्णांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. तेच म्हणाले, "अरे, ते झिजलेत. त्यांचं झालं. नवे आण."

नमुना घेऊन कोल्हापूरला गेलो. पहिल्या दुकानात भोकांचं अंतर जुळलं नाही, दुसऱ्यात सगळं जुळलं. बसवण्याआधी नवे उभे धरून चार-पाच वेळा दाबून हवा काढली. वरची बेअरिंग आणि रबरं नवी टाकली. स्प्रिंगा जुन्याच, नुसत्या घासून रंगवल्या. लोअर आर्मच्या बुशांचे नट गाडी चाकांवर उतरवून मगच आवळले, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. नंतर अलाइनमेंट.

रविवारी जांबोटीच्या रस्त्याला काढली. बाबा डावीकडं बसले. पहिला गतिरोधक आला तसा त्यांनी सवयीनं डॅशबोर्डला हात टेकवला. गाडी वर गेली, खाली आली, आणि थांबली. त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला, तो घरी येईपर्यंत.

जुने दोन्ही तेल पुसून माळ्यावर ठेवलेत. मागच्या कमानपाट्यांतून अजून करकर येते.

उद्यमबाग_मेस्त्री

पाट्यांच्या मधे माती साचली असेल, उघडून धुवावे लागतील. त्याआधी पुढचे चारही बोल्ट एकदा परत आवळून बघा, नवीन कामाला शे-दोनशे किलोमीटरनंतर ते लागतंच. रविवारी सकाळी गाडी घेऊन या. बाबांनाही आणा.