कार्बनचा कॉलम चार दिवसात गार, रंग जातच नाहीये

रंगघर_बडोदा: नमस्कार मंडळी, बडोद्यात आमचं सुती धाग्याचं छोटं डाइंग युनिट आहे, रिॲक्टिव्ह रंग, जास्त करून ब्लॅक नि नेव्ही. सांडपाण्यात फिटकरी टाकतो, गाळ बसवतो, मग सँड फिल्टर आणि शेवटी कार्बनचा कॉलम (रंग शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन भरलेली उभी टाकी). या वेळी नारळाच्या करवंटीचा कार्बन भरला, विकणारा छातीठोकपणे म्हणाला आयोडिन नंबर (कार्बन किती आयोडिन शोषतो तो आकडा) 1000 आहे शेठ, बघायलाच नको. चौथ्या दिवशी आउटलेटला पाणी जांभळं! पैसे पाण्यात गेले, तेही रंगीत पाण्यात. कार्बन डुप्लिकेट आहे का?

बीकरवाला: डुप्लिकेट असेलच असं नाही हो. आयोडिनचा रेणू एवढासा असतो, आणि करवंटीच्या कार्बनमधली भोकं बहुतेक 2 नॅनोमीटरच्या आतली, त्यामुळे आकडा झकास येतो. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 या काळ्या रंगाचा रेणूभार मात्र हजाराच्या जवळ. घरात खोल्या ढीगभर पण दारं मांजर जाईल एवढीच, मग हा पाहुणा आत येणार कसा? लाकडाचा, फॉस्फोरिक ॲसिडने ॲक्टिव्हेट केलेला कार्बन बघा, त्यात मोठी भोकं जास्त. आयोडिन सोडून मोलॅसेस नंबर (मळीतले मोठे रंगरेणू किती शोषतो तो आकडा) विचारा, विकणारा गप्प झाला तर समजून जा 😄 कॉलममध्ये जाताना पीएच किती असतो?

रंगघर_बडोदा: 10 च्या आसपास, रंगाच्या बाथमध्ये सोडा ॲश असतो ना

बीकरवाला: अहो मग फिटकरी तरी कशी चालेल, 10 ला ॲल्युमिनियम परत पाण्यात विरघळतं, गाठी धरतच नाही! शिवाय एवढ्या पीएचला कार्बनवर ऋण भार आणि रंगावरही ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलतात. ॲसिड घालून आधी साडेसहापर्यंत आणा.

मांडवीकर: आणि ऑर्डर देताना नुसतं पीएसी लिहू नका. मला पावडर ॲक्टिव्हेटेड कार्बन हवा होता, स्टोअरमध्ये आलं पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, पिवळी पोती बघून डोकंच धरलं. दोघांचंही शॉर्टफॉर्म तेच. बाकी मीठ कार्बनने जात नाही, टीडीएससाठी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी) त्याच्यावर विसंबू नका. वापरलेला कार्बन घातक कचऱ्यात धरतात, भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकू नका बरं.

रंगघर_बडोदा: अपडेट देतो. लाकडाच्या पावडरचं सॅम्पल आणलं, घरच्या काचेच्या बरण्यांत एकेक लिटर पाणी घेऊन अर्धा, एक आणि दोन ग्रॅम टाकून बघितलं, तासभर ढवळलं, फिल्टर पेपरने गाळलं. पीएच 10 ची बरणी जांभळीच राहिली, साडेसहाची दोन ग्रॅमवाली फिक्या चहासारखी. करवंटीचा कार्बन कुटून तोही साडेसहालाच टाकला, थोडाच फरक पडला. आता आधी ॲसिडच्या डोसिंगचं बघतो. बरण्या लोणच्याच्या होत्या, आईला अजून सांगितलं नाही.