मदत हवी आहे: ऑक्सिजन प्लांटचा जुना एस५ पीएलसी बदलायचाय, प्रोग्रॅम कन्व्हर्ट करावा की नव्याने लिहावा?

इन्स्ट्रुमेंटवाला_जालना

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. एअर सेपरेशन प्लांटवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतो तो) इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. गिऱ्हाईक बहुतेक रोलिंग मिलवाले, शिवाय टँकरने काही हॉस्पिटलं. कंट्रोल अजून सिमेन्सच्या जुन्या एस५-११५यू पीएलसीवर (प्लांट चालवणारा कंट्रोल कॉम्प्युटर) आहे. नवी कार्डं मिळणं केव्हाच बंद झालंय. जुन्या बाजारातून आणतो, त्यातली काही आल्या दिवशीच मान टाकतात. स्काडाचा (ऑपरेटरला स्क्रीनवर प्लांट दाखवणारा) पीसी विंडोज एक्सपीवर, ज्याचा सपोर्ट २०१४ लाच संपला.

यंदा बजेट मंजूर झालं. व्हेंडर म्हणतो, जुना प्रोग्रॅम कन्व्हर्टरमधून काढू, सिमेन्सच्याच नव्या एस७-१५०० मध्ये टाकू, वार्षिक शटडाऊनमध्ये काम उरकू. एअर कॉम्प्रेसरचा अँटी-सर्ज कंट्रोलर (हवा उलटी फिरून कॉम्प्रेसर बिघडू नये म्हणून असतो तो) काढून तोही त्याच पीएलसीत घेऊ, तेवढाच खर्च वाचेल.

मला हे पचत नाहीये. पीएलसीतून वाचलेल्या प्रोग्रॅमला ना कॉमेंट, ना सिग्नलची नावं. ते सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डिस्कवर होतं आणि ती डिस्क कुणालाच सापडत नाही. वर अॅनालॉगचं गणित वेगळं: ट्रान्समीटरचा ४-२० एमए (मिलिअँपिअर) सिग्नल नव्या कार्डात ० ते २७६४८ असा दिसतो, जुन्यात तसं नाही. एखादा ट्रिप पॉइंट (ज्या आकड्याला मशीन आपोआप बंद व्हायला हवं) जुन्याच आकड्यावर राहून गेला तर तो लागणारच नाही, आणि ते कळणार कधी?

सगळ्यात धास्ती मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे हवा शुद्ध करणाऱ्या दाण्यांनी भरलेल्या दोन व्हेसलच्या, सिक्वेन्सची. एक व्हेसल हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरत असतं तेव्हा दुसरं वेस्ट नायट्रोजनने आधी तापवायचं, मग थंड करायचं. बदली करण्याआधी दोन्हीकडचा दाब सावकाश सारखा व्हायला हवा. वॉल्व्ह आधीच उघडला तर बेड (दाण्यांचा थर) उचलला जातो, दाणे झिजून धूळ होते, आणि निसटलेला कार्बन डायऑक्साइड कोल्ड बॉक्समधल्या (प्लांटचा अतिथंड भाग) एक्स्चेंजरमध्ये गोठून बसतो. आमच्याकडे दाब भरायच्या स्टेपला मॅन्युअलमध्ये आहे त्यापेक्षा बराच जास्त वेळ टाकलाय. कुणी टाकला, का टाकला, देव जाणे, पण प्लांट त्यावरच सुरळीत चालतोय. शिवाय पॅनेलमध्ये एका वॉल्व्हचा लिमिट स्विच (वॉल्व्ह उघडा की बंद ते सांगणारा) पिवळी वायर मारून शॉर्ट केलेला आहे, ड्रॉइंगमध्ये त्याचा पत्ता नाही.

मला वाटतं लॉजिक नव्यानेच लिहावं. वरिष्ठ म्हणतात, "चालतंय ते कशाला मोडतोस?" त्यांना कसं पटवू? आणि अँटी-सर्जचं काय करू?

पॅनेलवाला_पिंपरी

नव्यानेच लिहा. पण प्रोग्रॅमरला बसवायच्या आधी तुमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला बसवा. प्रत्येक स्टेप कशी सुरू होते, कशावर पुढे सरकते, अडकली तर ते हाताने काय करतात, हे साध्या मराठीत लिहून काढा आणि प्रॉडक्शनची सही घ्या. वरिष्ठांना तोच कागद दाखवा. कन्व्हर्ट केलेल्या कोडमध्ये रात्री दोन वाजता ट्रिपचं कारण कोण शोधणार, एवढंच विचारा.

सध्याच्या प्लांटचे ट्रेंड (रीडिंगचे आलेख) आत्ताच साठवायला लागा. कुठला वॉल्व्ह किती सेकंदांत उघडतो, दाब कसा चढतो, ते हातात असलं की नवीन लॉजिक सिम्युलेटरवर त्याच्याशी ताडून बघता येतं. फील्डच्या वायरी टर्मिनलवरून सोडू नका, टर्मिनलच्या आतली बाजू तेवढी बदला. शटडाऊनमधला निम्मा गोंधळ वायरी चुकण्याचाच असतो.

अँटी-सर्जला यंदा हात लावू नका. ब्लो-ऑफ वॉल्व्ह (कॉम्प्रेसरची जादा हवा बाहेर सोडणारा) उघडायला उशीर झाला तर कॉम्प्रेसर जातो, आणि त्यापुढे व्हेंडरने वाचवलेले पैसे चहापाण्याचे.

कोल्डबॉक्स_काका

पिंपरीकरांशी सहमत. पण शटडाऊन लांबला तर काय, हे कुणी बोललं नाही. कमिशनिंग हमखास लांबतं. प्लांट थांबलेला असताना रिबॉयलरमधला (जिथे द्रव ऑक्सिजन उकळतो तो एक्स्चेंजर) द्रव ऑक्सिजन उडत राहतो आणि हायड्रोकार्बन मागे साठत जातात. १९९७ च्या नाताळात मलेशियात बिंतुलूला कोल्ड बॉक्सचा स्फोट झाला, त्याच्या मुळाशीही रिबॉयलरमध्ये साठलेली ज्वलनशील घाण होती. द्रव किती वेळ ठेवायचा, कधी काढून टाकायचा, हे प्लांट बनवणाऱ्याच्या मॅन्युअलप्रमाणे आधीच ठरवा. "आज सुरू होईल, उद्या सुरू होईल" करत बसू नका.

टाक्या काठोकाठ भरून घ्या, हॉस्पिटलचा टँकरने होणारा पुरवठा त्यातून चालू राहील. ऑक्सिजन लाइनवर नवे ट्रान्समीटर बसवणार असाल तर डीग्रीझिंगचं (तेलाचा अंश काढून टाकल्याचं) सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय खोकं उघडू देऊ नका. वर्कशॉपमध्ये कुणीतरी तेलकट हाताने कॅलिब्रेट करतोच.

आणि त्या पिवळ्या वायरीमागे बहुतेक लिमिट स्विचच खराब असेल. तो आधी बदला, नाहीतर नव्या लॉजिकमध्येही पहिल्याच आठवड्यात बायपास बसेल.

इन्स्ट्रुमेंटवाला_जालना

काका, दादा, आभार. आमचे एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज गावातच राहतात, त्यांना यायची विनंती करतोय. स्टेपचा जास्तीचा वेळ त्यांच्या काळातला असणार. अजून एक विचारायचं होतं: व्हेंडरला कमिशनिंगनंतरही इंटरनेटवरून कायमचा रिमोट अॅक्सेस हवाय. तुमच्याकडे देतात का, की लागेल तेव्हाच लाइन जोडता?